मूल सोबत घेऊन एकटीनं जर्मनीला जाताना: आधी मुलाचे कागद, मग मुलाचा दिवस, मग नोकरी

“अगं, सगळं ठीक आहे, पण तुला ताप आला तर त्याला कोण बघणार?”

बर्लिनच्या नोकरीचं ऑफर लेटर आलं त्या संध्याकाळी माझ्या आईनं एवढंच विचारलं. पगार, थंडी, भाषा यातलं काही नाही. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते या लेखात पुढे येईल. घटस्फोटित, विधवा, अविवाहित, मूल दत्तक घेतलेली, कुठल्याही कारणानं एकटी आई किंवा एकटा बाबा असलेल्या माणसानं परदेशी जायचा विचार केला, की त्याला मिळणारे सल्ले सगळे जोडप्यांसाठीचे असतात: आधी नोकरी मिळव, मग घर बघ, मुलाचं काय, तो रुळतोच. एकट्या पालकासाठी हा क्रम उलटा आहे. मुलाच्या कागदांवर व्हिसा अडतो आणि मुलाच्या दिवसावर नोकरी टिकते. म्हणून मी त्याच क्रमानं लिहिते आहे. उदाहरण जर्मनीचं, कारण तेच मी जगले आहे. आकडे २०२५ सालचे आहेत. ते दर वर्षी थोडे बदलतात.

पहिलं काम कोर्टाच्या कागदाचं

आपल्याकडे घटस्फोटाच्या डिक्रीत बहुतेक वेळा एक ओळ असते: मुलाचा ताबा आईकडे राहील, वडिलांना भेटीचा हक्क राहील. पुण्या-मुंबईत राहायला ती पुरते. परदेशी जायला पुरत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे वडील हे मुलाचे नैसर्गिक पालक, त्यांच्यानंतर आई. ताबा तुमच्याकडे आला म्हणून वडिलांचं पालकत्व आपोआप संपत नाही. आणि जर्मन कायदा नेमकं हेच विचारतो, की मुलाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या तुमचा आहे की दोघांचा? एकट्याचा असेल तर मार्ग सरळ. दोघांचा असेल तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती लागते, नाहीतर सक्षम न्यायालयाचा बंधनकारक आदेश.

म्हणून घटस्फोट अजून व्हायचा असेल आणि तो परस्पर संमतीनं होत असेल, तर कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दाखल होणाऱ्या संमतीच्या अटींत, चार गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. ताबा आणि पालकत्व दोन्ही आईकडे (किंवा बाबांकडे) राहील. मुलाला परदेशात कायम वास्तव्यासाठी नेता येईल. पासपोर्ट आणि व्हिसासाठी दुसऱ्या पालकाची वेगळी सही लागणार नाही. आणि भेटी कशा होतील: व्हिडिओ कॉल आठवड्यातून किती, सुट्टीत भारतात किती दिवस. हा शेवटचा मुद्दा अनेकजणी वगळतात. पण भेटीची नीट व्यवस्था लिहिलेली असली की समोरचा माणूसही सही करायला तयार होतो, आणि न्यायाधीशांनाही परवानगी देणं सोपं जातं.

माझ्या वकिलांनी फक्त ताब्याची ओळ लिहिली होती. मला दुरुस्तीचा अर्ज करून पुन्हा कोर्टात जावं लागलं. त्यात पाच महिने गेले आणि कंपनीनं रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली.

आणखी एक. कन्सेंट टर्म्समध्ये स्वतःची पोटगी सोडायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण मुलाच्या पोटगीचा हक्क सोडू नका. तो मुलाचा आहे, आणि जर्मनीत त्याचा कसा उपयोग होतो ते पुढे सांगते.

विधुर किंवा विधवा पालकाला जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतो. अविवाहित आईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली स्पष्ट केलं आहे, की वडिलांचं नाव उघड न करता किंवा त्यांना नोटीस न देता ती मुलाचं पालकत्व मागू शकते. तसा पालकत्वाचा आदेश हातात असला तर प्रत्येक खिडकीवर कहाणी सांगावी लागत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. समोरचा माणूस संमती देत नाही म्हणून गुपचूप निघून जाऊ नका. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे ‘काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. पण ज्या दिवशी तुम्ही मुलाला घेऊन आजीला भेटायला भारतात उतराल, त्या दिवशी कोर्टाची नोटीस दारात उभी असू शकते. मग परत जाणं कोर्टाच्या तारखांवर. उशीर झाला तरी चालेल, आदेश घेऊन निघा.

नाव आणि पासपोर्ट

मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती असेल तर ॲनेक्शर-डी हा जोडफॉर्म भरतात. एकाच पालकाची सही असेल तर ॲनेक्शर-सी, त्यासोबत कोर्टाच्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी. लहान मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचाच मिळतो, तेव्हा निघण्यापूर्वी मुदत बघा. वर्ष-दीड वर्ष उरलं असेल तर भारतातूनच नवा करून घ्या.

मराठी माणसाची खास अडचण मधल्या नावाची. घटस्फोटानंतर तुम्ही माहेरचं आडनाव घेतलं असेल आणि मुलाचं आडनाव वडिलांचं असेल, तर विमानतळापासून शाळेपर्यंत सगळीकडे विचारतात, “हे मूल तुमचंच ना?” जन्म दाखल्यावर आईचं नाव जसं आहे, तसंच ते तुमच्या पासपोर्टवर नसेल तर नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं. त्याआधीच्या मुलांच्या नावात वडिलांचंच.

हे मला कागदावरचं वाटत होतं, तोवर एके दिवशी समोर आलं. पाळणाघरात प्रत्येक मुलाचा कोट अडकवायला एक खुंटी असते आणि तिच्यावर मुलाचं नाव. आपल्या पासपोर्टात मधलं नाव पहिल्या नावाला जोडून छापतात, म्हणून जर्मन लोकांना ते मुलाचंच दुसरं नाव वाटतं. माझ्या मुलाच्या खुंटीवर त्याचं आणि त्याच्या बाबाचं, अशी दोन्ही नावं रंगीत अक्षरांत होती. त्याला अक्षरं नुकतीच लागायला लागली होती. त्यानं बाबाच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाबा पण इथे येणार?” त्या दिवशी मी बाईंना सांगितलं, की हाक मारायचं नाव एवढंच लिहा. जर्मनमध्ये त्याला ‘रुफनामे’ म्हणतात. फॉर्म भरतानाच तो शब्द वापरून सांगा.

कुठल्या वाटेनं जायचं

एकट्या पालकाला मी नोकरीची वाटच सुचवेन. ‘चान्सेनकार्टे’ नावाचं नोकरी शोधायला जाण्याचं कार्ड जून २०२४ पासून सुरू झालं आहे, पण त्यावर मुलाला सोबत नेण्याची सोय धरता येत नाही. शिक्षणाच्या व्हिसाला वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, ते एका माणसाचे. मुलाचा खर्च वेगळा. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-वास्तव्याच्या परवान्यासाठी, पदवी आणि किमान ४८,३०० युरो वार्षिक पगार लागतो. आयटी, इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा टंचाईच्या क्षेत्रांत ४३,७५९.८० युरोही चालतो.

मुलाखतीच्या शेवटच्या फेरीत कंपनीला दोन गोष्टी विचारा. एक, तुम्ही जलद प्रक्रियेतून अर्ज कराल का? त्याचं शुल्क ४११ युरो आहे, आणि मुलाचा अर्ज सोबतच दिला तर त्याचंही काम त्याच प्रक्रियेत होतं. दुसरी, मी एकटी पालक आहे, पहिल्या दोन महिन्यांत कामाच्या वेळा लवचिक ठेवाल का? हे विचारल्यानं ऑफर जाईल अशी मला भीती वाटत होती. गेली नाही. आणि जी कंपनी एवढ्यावरून मागे हटते, तिथे मुलाच्या पहिल्या आजारपणातच तुमचं भागणार नाही.

शहर निवडताना पगाराआधी पाळणाघर बघा

जर्मनीत वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यापासून पाळणाघराच्या, म्हणजे ‘कीटा’च्या जागेवर मुलाचा कायदेशीर हक्क आहे. हा हक्क २०१३ साली आला. प्रत्यक्षात जागा कमी आणि यादी लांब. शिवाय फी राज्याराज्यात वेगळी. बर्लिनमध्ये कीटा मोफत आहे, जेवणाचे महिन्याला २३ युरो तेवढे द्यायचे. शाळेत पहिली ते सहावी दुपारचं जेवण मोफत, आणि शाळकरी मुलांना शहरातला बस-ट्रेनचा पासही मोफत. म्युनिकमध्ये पगार जास्त मिळेल, पण घरभाडंही तसंच. दोन पगारांच्या घराला ते जमतं. एका पगाराला बर्लिन किंवा लाइपझिगसारखं शहर बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूल सहा वर्षांचं असेल तर शाळा सक्तीची. घरी शिकवण्याची परवानगी नाही. प्राथमिक शाळा अनेक ठिकाणी दुपारी बारा-एकला सुटते, म्हणून शाळेला जोडलेलं ‘हॉर्ट’, म्हणजे शाळेनंतर मुलं सांभाळण्याची सोय, आहे का ते आधी विचारा, शाळेचं नाव मागाहून. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतो आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कीटात पहिल्या दिवशी मूल सोडून ऑफिसला जाता येत नाही. ‘आइनगेव्योनुंग’ नावाचा रुळण्याचा काळ असतो, आणि तो पालकाच्या हजेरीत. आमचा असा गेला: पहिले तीन दिवस तासभर, मी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर, गप्प. चौथ्या दिवशी बाईंनी सांगितलं, त्याला सांगून बाहेर जा, दहा मिनिटांनी या. मी दाराबाहेर बाकावर बसले आणि आतून रडण्याचा आवाज ऐकत घड्याळ बघत राहिले. नंतर अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत. एकूण चार आठवडे. काही मुलांना सहा लागतात. जोडप्यात एकजण रजा घेतो. एकट्या पालकानं हे चार आठवडे नोकरीच्या सुरुवातीच्या तारखेत धरायला हवेत, नाहीतर प्रोबेशनमध्ये रोज अकरा वाजता ऑफिसमधून उठावं लागेल.

कीटात काय काय मागतात त्याची तयारी: घरात घालायच्या चपला, चिखलात खेळायची रबरी पँट, गमबूट, कपड्यांचा जादा जोड, सगळ्यावर नाव. डब्यात पोळी-भाजी चालते, पण शेंगदाण्याची चटणी किंवा लाडू देण्यापूर्वी विचारा. ॲलर्जीमुळे बऱ्याच ठिकाणी दाणे चालत नाहीत. आणि लसीकरणाचं कार्ड भारतातून मूळ आणा. १ मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा (एक वर्षाच्या मुलाला किमान एक, दोन वर्षांपासून पुढे दोन) दिल्याशिवाय कीटा मुलाला घेत नाही. कार्डावरची अक्षरं अस्पष्ट असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून इंग्रजीत नवीन पत्र घ्या, लसींच्या तारखांसकट.

आधी एकटं जावं की सोबत?

मी सात आठवडे आधी गेले. मुलगा पुण्यात आजी-आजोबांकडे होता. त्या काळात घर मिळालं, नावनोंदणी झाली, कीटाची जागा पक्की झाली, आणि मग आई शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर, त्याला घेऊन आली. ते सात आठवडे जड गेले, तरी मी पुन्हा तसंच करेन. दीड महिना तात्पुरत्या खोल्या बदलत फिरणं लहान मुलाला आणखी जड गेलं असतं. मागे सांभाळायला विश्वासाचं कुणी नसेल तर सोबतच न्या, पण मग कंपनीकडून किमान दोन महिन्यांचं फर्निश्ड घर मागून घ्या.

आज्जीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. ते ९० एकदम वापरू नका. पहिले ४५ रुळायला, उरलेले कुठल्या तरी सुट्टीसाठी. जर्मनीत मुलांना वर्षाला बारा आठवड्यांहून जास्त सुट्ट्या, आणि तुम्हाला साधारण २५ ते ३० दिवस रजा. हे गणित दर वर्षी मांडावं लागतं. मार्च २०२४ पासून नव्यानं कामाचा परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना कायम बोलावण्याची तरतूद झाली आहे, पण त्यांच्या वयात आरोग्य विमा परवडणं हीच मोठी अट ठरते.

पैसे: काय न्यावं, काय मागावं

घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं असते. भाडं ९०० युरो असेल तर २,७०० झाली. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्यानं हक्क आहे, तो मागा. बरीच घरं स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय आणि दिव्यांशिवाय मिळतात, तोही खर्च धरा. पहिला पगार महिनाअखेर. माझ्या हिशोबानं चार महिन्यांचा पूर्ण खर्च सोबत असल्याशिवाय एकट्या पालकानं निघू नये.

आरोग्य विमा घेताना सरकारी पद्धतीचाच घ्या, खासगी कितीही स्वस्त दाखवला तरी. सरकारी विम्यात मूल तुमच्याच हप्त्यात मोफत येतं, खासगीत त्याचा वेगळा हप्ता. दुसरं कारण आजारपणाच्या रजेचं, ते खाली येतं.

पोचल्यावर दोन आठवड्यांत घराच्या पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘अनमेल्डुंग’ करायची. त्यानंतर टपालानं तुमचा आणि मुलाचा कर क्रमांक येतो. तो आला की थांबू नका, ‘फामिलिएनकासे’ या सरकारी कार्यालयाकडे ‘किंडरगेल्ड’चा, म्हणजे मुलांच्या भत्त्याचा, अर्ज करा: मुलामागे महिन्याला २५५ युरो. उशीर केला तर मागचे सहाच महिने मिळतात.

कर कार्यालयाकडे प्राप्तिकराच्या दुसऱ्या श्रेणीसाठी अर्ज करा. नव्या माणसाला आपोआप पहिली श्रेणी लावतात. दुसरी श्रेणी एकट्या पालकांची, तिच्यात वर्षाला ४,२६० युरोंवर कर लागत नाही, पुढच्या प्रत्येक मुलामागे आणखी २४० युरो. अट अशी, की घरात दुसरी सज्ञान व्यक्ती कायम राहत नसावी. पाहुणी आलेली आज्जी चालते, पण भाडं वाटून घ्यायला मैत्रिणीला घरात घेतलं तर ही सवलत जाऊ शकते. आधी हिशोब करा.

आणि मुलाची पोटगी येत नसेल तर ‘युगेंडआम्ट’, म्हणजे बाल कल्याण कार्यालयात जा. दुसरा पालक पैसे देत नसेल तर सरकार देतं: पाच वर्षांपर्यंत महिन्याला २२७ युरो, सहा ते अकरा वर्षांना २९९, बारा ते सतराला ३९४. ही भीक नाही, मुलाचा हक्क आहे. मात्र दुसरा पालक कोण आणि कुठे आहे ही माहिती द्यावी लागते. आणि डिक्रीत मुलाची पोटगी आपणच सोडून दिलेली असली, की या अर्जात अडचणी उभ्या राहतात. म्हणून वर तसं म्हटलं.

भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या, आणि घरच्या कुणाला तरी बँक-मालमत्तेचं कुलमुखत्यारपत्र देऊन निघा. त्यावर जास्त लिहीत नाही, कुठलाही सीए समजावून सांगेल.

भाषा

पुण्या-मुंबईत असाल तर मॅक्स म्युलर भवनात जा आणि जर्मनची ए-२ ही पातळी पूर्ण करूनच निघा (ए-१ सर्वांत सोपी, मग ए-२, मग बी-१). ऑफिस इंग्रजीत चालतं, पण कीटातल्या बाई, बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातला फोन, शेजारच्या आजी, हे सगळं जर्मनमध्ये. जोडप्यात एकाला आली तरी भागतं. तुम्हाला दुसरं कुणी नाही. शिवाय बी-१ झालं की ब्लू कार्डवर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए-१ वर २७ महिने लागतात.

मुलाशी घरात मराठीच बोला. तो जर्मन शिकेलच. तुम्ही मोडक्या जर्मनमध्ये त्याच्याशी बोललात तर त्याच्या कानावर ना धड जर्मन पडेल ना मराठी, आणि आज्जीशी त्याचं बोलणं तुटेल.

ताप आला तर

मुलाला आला तर: सरकारी विमा असलेल्या एकट्या पालकाला बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३० कामाचे दिवस रजा मिळते. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम विमा कंपनी देते. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांचं पत्र लागतं. जोडप्यातल्या प्रत्येकाला १५ दिवस, एकट्याला ३०. पहिल्या हिवाळ्यात मी २२ वापरले. रात्री-अपरात्री सल्ला लागला तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

तुम्हाला आला तर: रुग्णालयात भरती व्हावं लागलं, किंवा घरीच पण उठता येत नाही असा आजार असला, आणि मूल बाराच्या आतलं असेल, तर विमा कंपनी घरकामाला आणि मूल सांभाळायला माणूस देते. दिवसाला ५ ते १० युरो आपण द्यायचे. त्याला ‘हाउसहाल्ट्सहिल्फे’ म्हणतात. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्यावं लागतं. हा फॉर्म आजारी पडण्याआधीच छापून घरात ठेवा.

पण कार्यालय सकाळी उघडतं आणि ताप रात्री दोनला चढतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दोन घरं जोडा. एक त्याच इमारतीतलं, एक कीटातल्या मित्राचं. त्यांना घराची एकेक किल्ली द्या, आणि कीटातून मूल घेऊन जाण्याची लेखी परवानगी दोघांच्याही नावानं द्या. ते पत्र नसेल तर कीटा ओळखीच्या माणसाकडेही मूल देत नाही. मराठी मंडळाचा ग्रुप धरा, आणि एकट्या पालकांची १९६७ पासूनची संघटना आहे, व्हीएएमव्ही, तिच्या स्थानिक शाखेत एकदा जाऊन या.

शेवटी एक पान तयार करा, तुमच्या शब्दांत. मुलाचं हाक मारायचं नाव, रक्तगट, ॲलर्जी, विमा क्रमांक. झोपताना त्याला काय लागतं. कोणाला पहिला फोन, कोणाला दुसरा, भारतात कोणाला, आणि तिथे तेव्हा किती वाजले असतील: उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तुमचं काही बरंवाईट झालं तर मूल कोणाकडे जावं हे वेगळ्या मृत्युपत्रात लिहा आणि ते कुठे ठेवलंय एवढंच या पानावर टाका. पान जर्मनमध्ये आणि मराठीत. एक प्रत फ्रीजवर, एक कीटात, एक शेजारच्या आजींकडे. चौथी पुण्यात, आईच्या देवघराच्या खणात आहे.